वजडीचा काळा थर

अकरावीच्या वर्गात प्राण्यांची शरीररचना शिकवायला घेतली की फळ्यावरची पहिली ओळ ठरलेली असते: पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था, शरीर. मध्ये बाण. मुलं ती मुकाट्याने उतरवून घेतात आणि पान उलटायला तयार होतात, कारण शाळेपासून हीच ओळ त्यांच्या वहीत येत आलेली असते. पेशीबद्दल त्यांना कुतूहल असतं. डीएनए, स्टेम सेल हे शब्द बातम्यांतून कानावर पडलेले असतात. अवयव तर घरोघरी माहीत. कुणाच्या आजोबांच्या किडनीचं डायलिसिस चालू असतं, कुणाच्या काकांची बायपास झालेली असते. मधली ऊती, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सारख्या पेशींचा समूह, मात्र कुणाचीच नसते. चार प्रकार, चार आकृत्या, ‘फरक स्पष्ट करा’चे दोन गुण, की झालं.

मला वाटतं, प्राण्याचं शरीर समजून घ्यायचं तर मुक्काम तिथेच करायला हवा. एकटी पेशी जगू शकते, अमीबा जगतोच. पण एकट्या पेशीची बकरी होत नाही. त्यासाठी पेशींना एकमेकींना धरून राहावं लागतं, आपली जागा ओळखावी लागते, काही गोष्टींवर कायमचं पाणी सोडावं लागतं. हे सगळं घडतं ते ऊतींमध्ये.

बकरीचं नाव उगाच घेतलेलं नाही. ज्यांच्या घरी वजडी, म्हणजे बकरीचं पोट, होते त्यांनी ऊती हाताळलेल्या असतात, फक्त त्या नावाने नाही. बाजारातून आणलेली वजडी पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती खायची वस्तू वाटतच नाही. बकरीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या कप्प्याची आतली बाजू टर्किश टॉवेलसारखी असते: हजारो बारीक बोंडं, रंग काळपट-हिरवा. दुसऱ्या कप्प्यात षटकोनी जाळी, तिसऱ्यात एकाला एक लागून पातळ पदर. चौथा कप्पा आपल्या जठरासारखा, पाचकरस सोडणारा. आमच्याकडे आई मोठ्या पातेल्यात पाणी तापवायची, पण उकळू द्यायची नाही. त्यात वजडी थोडा वेळ बुडवून बाहेर काढायची, पाटावर पसरायची आणि सुरीच्या पाठीने खरवडायला लागायची. पाणी बरोबर तापलेलं असेल तर काळा थर सालीसारखा निघून येतो. कमी तापलं तर तो हलत नाही, जास्त तापलं तर असा चिकटून बसतो की तास गेला तरी निघत नाही. खालून जे वर येतं ते पांढरंशुभ्र, चिवट आणि लवचीक.

तो काळा थर म्हणजे अभिस्तर ऊती. पेशींचे थरावर थर, आणि सगळ्यात वरचे निबर झालेले, कारण बकरीच्या पोटात दिवसभर काड्याकुड्या आणि कडबा घुसळत असतो. खालचं पांढरं ते संयोजी, म्हणजे बांधून ठेवणारी, ऊती आणि स्नायू. अन्न आतून घुसळण्याचं काम त्या पांढऱ्या भागाचं. आत राहणारे सूक्ष्मजीव चारा कुजवून जी आम्लं तयार करतात ती शोषून घेण्याचं काम काळ्या थराचं, आणि ती बोंडं आहेत ती शोषायला जागा जास्त मिळावी म्हणून. अवयव एक, पण त्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या वस्तू पाठीला पाठ लावून बसलेल्या. सुरीच्या पाठीने त्या वेगळ्या होतात, याचा अर्थ त्यांच्या मध्ये एक हद्द आहे. या हद्दीबद्दल पुढे सांगायचं आहे, कारण आमच्या घरात एकदा सगळं तिच्यावर येऊन थांबलं होतं.

स्वयंपाक करणाऱ्याला ऊतींचे स्वभाव पाठ असतात. कलेजी तव्यावर काही मिनिटांत शिजते आणि जरा जास्त ठेवली की वातड होते, कारण तिच्यात पेशीच पेशी आणि त्यांना बांधणारे धागे अगदी थोडे. पाया मात्र रात्रभर मंद आचेवर ठेवावा लागतो. खुरांत, सांध्यांत, कंडऱ्यांमध्ये कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे दोर असतात. ते तासन्‌तास उकळल्यावर सुटतात आणि पाण्यात उतरतात, म्हणून पायाचं सूप फ्रिजमध्ये थिजतं. मांडीचं मटण आणि चापेचं मटण वेगवेगळ्या वेळेत शिजतं तेही याच कारणाने. ज्या स्नायूला जास्त राबावं लागतं त्यात संयोजी ऊती जास्त.

शिजवून पाहणं ही एके काळी शरीरशास्त्राची खरीखुरी पद्धत होती. झाव्हिए बिशा या फ्रेंच डॉक्टरची मला फार ओढ आहे. जन्म १७७१चा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो पॅरिसला आला, ओतेल-दिय या जुन्या रुग्णालयात काम करू लागला, आणि एका हिवाळ्यात त्याने सहाशेच्या वर प्रेतं उघडून पाहिली असं सांगतात. सूक्ष्मदर्शक त्या काळी होते, पण त्यांची भिंगं रंगांच्या कडा उमटवायची, आकार फसवे दाखवायची. बिशाने ते बाजूला ठेवले. शरीराचा प्रत्येक भाग त्याने पाण्यात भिजत घातला, कुजू दिला, वाळवला, उकळला, आम्लात आणि अल्कलीत टाकला, आणि कोण कसं वागतं ते टिपून ठेवलं. उकळल्यावर आक्रसणारं एक, विरघळणारं दुसरं, तसंच राहणारं तिसरं. अशा रीतीने त्याने माणसाच्या शरीरात एकवीस प्रकारच्या ऊती मोजल्या आणि १८०१मध्ये ते सगळं ग्रंथरूपाने छापलं. आज आपण मुख्य प्रकार चारच धरतो: अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता. बिशाची यादी मागे पडली. त्याने पाहिलेली गोष्ट मात्र मागे पडलेली नाही.

त्याच्या आधी डॉक्टर रोगाचा पत्ता अवयवाच्या नावाने सांगायचे. छातीचा रोग, पोटाचा रोग, हृदयाचा रोग. बिशाच्या लक्षात आलं की हृदयाभोवतीचं पातळ आवरण, फुप्फुसाभोवतीचं आवरण आणि आतड्यांवरचं आवरण ही तिन्ही एकाच जातीची आहेत, आणि ती सुजली की तिन्ही ठिकाणी सूज एकसारखी दिसते. म्हणजे अवयव तीन असले तरी रोगाची जात एक. उलट एकाच अवयवात एक ऊती आजारी आणि तिला लागून असलेली दुसरी धडधाकट, असंही त्याने वारंवार पाहिलं. अवयव ही आपण बाहेरून दिलेली नावं आहेत. रोग ओळखतो तो ऊतीला. हे कळायला त्याला भिंग लागलं नाही. हात, नाक, पातेलं आणि प्रचंड मेहनत पुरली. जुलै १८०२मध्ये त्याच रुग्णालयाच्या जिन्यावरून तो पडला आणि पंधरवड्याच्या आत गेला. वय तीस. त्याचं हे वय वर्गात सांगताना माझा आवाज अजूनही जड होतो.

पुढच्या पिढीत भिंगं सुधारली. १८३८मध्ये श्लायडनने वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात असं मांडलं. त्याच्याबरोबर जेवताना झालेल्या गप्पांतून थिओडोर श्वानला आपण बेडकाच्या पिल्लाच्या पाठीच्या दोरीत पाहिलेल्या पेशी आठवल्या, आणि १८३९मध्ये त्याने प्राण्यांबद्दल तेच लिहिलं. बिशाच्या ऊतींच्या आत काय आहे ते आता दिसू लागलं. पाठ्यपुस्तकात हा भाग सविस्तर असतो, मी त्यात जास्त शिरत नाही. एक गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगते. माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत आणि त्यांतल्या दर पाचांमध्ये चार तांबड्या रक्तपेशी असतात. या पेशी अस्थिमज्जेत तयार होताना आपलं केंद्रक टाकून देतात. आत हिमोग्लोबिनला जागा हवी म्हणून. केंद्रक गेलं म्हणजे पुन्हा विभागणं नाही, दुरुस्ती नाही. सुमारे १२० दिवस ऑक्सिजन वाहायचा आणि प्लीहेत किंवा यकृतात मोडून जायचं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी तर मेल्यावरच कामाच्या होतात. गर्भात हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पडद्यातल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून. शरीर असं पेशींच्या त्यागावर उभं असतं, आणि त्याग हा शब्द मी इथे अलंकार म्हणून वापरत नाही.

आता ती हद्द. माझ्या आत्याच्या स्तनात गाठ सापडली. सुईने तुकडा काढून तपासायला पाठवला. असा तुकडा आधी फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात, आणि त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढून काचेवर घेतात. मग रंग देतात. केंद्रकं निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. ही निळाई हिमॅटॉक्सिलिनची, मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येणारी. दीडशे वर्षं झाली, जगभरच्या पॅथॉलॉजिस्टांचा दिवस याच दोन रंगांत जातो. अहवाल आला, त्यात ‘कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, हा शब्द होता आणि त्याला जोडून ‘इन सिटू’. घरात रडारड झाली. आत्या मात्र माझ्यासमोर कागद धरून बसली.

“तू हे शिकवतेस ना गं? मग सांग मला नीट. डॉक्टर म्हणाले, अजून बाहेर पडलेलं नाही. कशाच्या बाहेर?”

मी तिला वजडीवरूनच सांगितलं, कारण आमच्या घरात तिच्याइतकी स्वच्छ वजडी कुणी करत नव्हतं. अभिस्तराचा थर ज्याच्यावर बसलेला असतो तो एक अतिशय पातळ पडदा असतो, केसाच्या जाडीच्या शेकडो पट पातळ. दुधाच्या नळ्यांना आतून अभिस्तराचं अस्तर असतं आणि त्याखाली हाच पडदा. अभिस्तरात रक्तवाहिन्या नसतात. जवळजवळ कुठल्याच अभिस्तरात नसतात. त्याला लागणारं सगळं खालच्या ऊतीतून पडद्यापलीकडून झिरपत येतं. म्हणून कातडीचा अगदी वरचा पापुद्रा निघाला तर रक्त येत नाही. बिघडलेल्या पेशी वाढून वाढून नळी भरून टाकतात, पण जोवर पडदा शाबूत आहे तोवर त्यांना रक्ताची वाट सापडत नाही. पडदा फोडून त्या खालच्या ऊतीत उतरल्या, की तिथे रक्तवाहिन्या आहेत, लसीकावाहिन्या आहेत, आणि मग त्या कुठेही जाऊ शकतात. तुझ्या पेशी पडद्याच्या आत आहेत.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे सालीतच आहे. गरात गेलं नाही.”

शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आत्या आता बरी आहे. निदानाचा सगळा भार त्या एका पडद्यावर होता. पेशी पाहिल्या तर पडद्याच्या आत राहिलेल्या आणि पडदा फोडलेल्या, दोन्ही प्रकारांत त्या जवळजवळ सारख्याच बिघडलेल्या दिसू शकतात. अवयव पाहिला तर तोच. फरक होता तो दोन ऊतींमधल्या हद्दीचा, आणि उपचार त्यावर ठरले. त्या दिवसापासून ऊतींचं प्रकरण मी घाईने कधीच शिकवलं नाही.

पेशी मुळात एकत्र राहतात कशा, हा प्रश्न याच्याच पोटातला. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर एच. व्ही. विल्सन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९०७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. खाली समुद्राच्या पाण्यात पडल्या त्या सुट्या पेशी आणि त्यांचे बारीक पुंजके. पाहता पाहता त्या पेशी सरपटत एकमेकींजवळ आल्या, त्यांचे गोळे झाले, आणि काही दिवसांत त्या गोळ्यांचे पुन्हा स्पंज झाले. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यांत कपारींना चिकटलेले केशरी, पिवळट स्पंज दिसतात. त्यांना हृदय नाही, पोट नाही, मेंदू नाही, एक चेतापेशीसुद्धा नाही. अवयव म्हणावा असा एकही नाही. तरीही त्यांच्या पेशींना आपल्या माणसांची ओळख आहे.

हॉल्टफ्रेटर आणि टाउन्स यांनी १९५५मध्ये हेच उभयचरांच्या भ्रूणांवर दाखवलं. वेगवेगळ्या थरांच्या पेशी सुट्या करून एकत्र कालवल्या, तर त्या आपल्या आपण वेगळ्या झाल्या: त्वचेच्या बाहेर, बाकीच्या आत, प्रत्येक आपल्या जागी. पुढे १९८०च्या दशकात जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी पेशींना पेशीशी जोडणारी प्रथिनं ओळखली, त्यांना कॅडहेरिन नाव दिलं. ती कॅल्शियमशिवाय पकड धरत नाहीत. एका जातीचं कॅडहेरिन बहुतेक वेळा त्याच जातीच्या कॅडहेरिनला धरतं, म्हणून अभिस्तराच्या पेशी अभिस्तराच्या पेशींजवळ राहतात. स्तनांच्या काही कर्करोगांत ही पकडच सुटलेली असते आणि पेशी एकेकट्या रांगेने खालच्या ऊतीत शिरतात. हे वाचलं तेव्हा आत्याचा अहवाल पुन्हा बाहेर काढून वाचला होता.

अवयवसंस्थांचं म्हणाल तर त्या निसर्गाने प्राण्यागणिक वेगळ्या मांडल्या आहेत. झुरळाचं हृदय पाठीकडे लांबट, तेरा कप्प्यांचं, आणि त्याच्या रक्ताकडे ऑक्सिजन वाहण्याचं काम नाहीच. हवा अंगाच्या दोन्ही बाजूंच्या दहा जोड छिद्रांतून आत येते आणि नळ्यांच्या जाळ्याने थेट पेशींपर्यंत पोचते. बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं आणि त्याची ओली कातडीही श्वास घेते. मांडणी इतकी वेगळी, पण झुरळाच्या आतड्याला अस्तर अभिस्तराचंच, पाय हलतो तो स्नायूनेच, आणि स्नायूला हुकूम येतो तो चेतापेशीकडून. पूर्वी हे बेडूक मेणाच्या ताटात टाचण्यांनी ताणून दाखवत. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचं विच्छेदन थांबवण्याच्या सूचना दिल्या त्याचं मला दुःख नाही. एवढे बेडूक मारण्याची गरज नव्हती. पण त्याच्या जागी नुसता पडदा आणि त्यावरची हलती चित्रं आली, त्याचं आहे. चित्रातली ऊती बोटाला लागत नाही.

म्हणून मी खाटकाकडे जाते. बकरं खाण्यासाठी कापलेलंच असतं. “भाऊ, दिल चिरू नका, वरच्या नळ्या लांब ठेवा,” असं आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, कारण सवयीने ते दोन भाग करूनच देतात. आता त्यांनाही माहीत झालंय, “मॅडम, कॉलेजचं आहे ना?” म्हणतात आणि गुर्देही बाजूला काढून ठेवतात. ज्या मुलांच्या घरी चालत नाही त्यांनी मागे बसावं, हे मी आधीच सांगते. बहुतेक वेळा तीच पुढे येतात.

हृदय ताटात ठेवलं की पहिल्यांदा महाधमनीत पाणी ओतायचं. झडप म्हणजे तीन खिसे. पाणी भरलं की ते फुगून एकमेकांना चिकटतात आणि पाणी खाली उतरत नाही. थोडं गळतं, ते हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्यांच्या तोंडातून, आणि तीही मग सापडतात. नंतर उभा छेद. डाव्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड, कारण तिला सगळ्या अंगाला रक्त पाठवायचंय, उजवीला फक्त शेजारच्या फुप्फुसांना. झडपांना खालून धरून ठेवणारे पांढरे दोर बोटाने ओढून पाहायला मी सांगते. तुटत नाहीत. पायाच्या सुपात उतरतं तेच कोलॅजेन. आतलं गुळगुळीत चकचकीत अस्तर ते अभिस्तर, लालभडक मांस ते स्नायू, बाहेरच्या चरबीत दडलेल्या चेता. हृदय म्हणजे स्नायू असं सगळ्यांनी पाठ केलेलं असतं; ताटात चारही ऊती एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

ठोका कुठून सुरू होतो, ते ताटात दिसत नाही. ते सापडलं तेही फार जुनं नाही. १९०६च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात आर्थर कीथ हे शरीरशास्त्रज्ञ पत्नीबरोबर चेरीच्या बागांमधून सायकलवर फिरून घरी आले. त्यांच्याकडे काम करणारा मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी उत्साहाने सूक्ष्मदर्शकापाशी त्यांची वाट पाहत होता. काचेवर चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्या मोल नावाच्या छोट्या प्राण्याचं हृदय होतं. वरची महाशीर उजव्या कप्प्यात शिरते तिथे फ्लॅकला एक वेगळ्याच पेशींचा पुंजका दिसला होता. जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी त्याच वर्षी हृदयाच्या मध्यभागी असाच एक पुंजका वर्णन केला होता, म्हणून कीथना तो लगेच ओळखता आला. त्यांनी इतर प्राण्यांत शोधलं, माणसात शोधलं. सगळीकडे तो त्याच जागी. आपल्या प्रत्येक ठोक्याची सुरुवात तिथे होते. बकरीच्या हृदयातही जागा तीच, पण ती पटकन दिसावी असा तिथे काही रंग नाही, उंचवटा नाही, म्हणून मी तिथे एक टाचणी टोचते आणि सांगते: इथे.

मग एखादं मूल विचारतंच, की बाकीचा स्नायू त्याचं का ऐकतो. हृदयाच्या पेशी सुट्या करून बशीत वाढवल्या तर पुष्कळ पेशी आपापल्या लयीने आकुंचन पावतात, कुणी जलद, कुणी सावकाश. वाढता वाढता दोन पेशींचा स्पर्श झाला की त्यांच्या मध्ये बारीक वाटा तयार होतात, त्यांतून विजेचा प्रवाह जातो, आणि दोघी एका लयीत येतात. साधारणपणे जी जलद असते तिची लय बाकीच्या घेतात. टाचणीखालच्या पेशी सगळ्यांत जलद आहेत.

एवढं झालं की ताट धुऊन आणायला सांगते आणि गुर्दा कापायला घेते. त्याला सुरी जरा बारीक लागते.